कॉन्टेसाचा बंद केलेला एसी

दामाजी नाखवांचा गाळा आणि माझा गाळा यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही छतापर्यंत पोचलेली नाही. वागळे इस्टेटच्या आतल्या गल्लीत मी औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं छापतो आणि ते गाड्यांचे एसी दुरुस्त करतात. एकोणीस वर्षांच्या शेजारात आम्ही एकमेकांच्या घरी चारदोन वेळाच गेलो असू, पण भिंतीवरून पलीकडचं सगळं ऐकू येतं. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे, त्यातलं काही मी स्वतः ऐकलेलं आहे आणि बाकीचं त्यांनी मला सांगितलेलं आहे. तेही एकदम नाही, चहा पिताना, थोडं थोडं.

दामाजी एकसष्ट वर्षांचे. चेंदणी कोळीवाड्यातले. वडील खाडीत जाळं टाकायचे. खाडीचं पाणी काळं पडत गेलं, जाळ्यात मासळीपेक्षा पिशव्या जास्त यायला लागल्या, तेव्हा वडिलांनीच थोरल्या मुलाला आयटीआयमध्ये घातलं. फ्रीज आणि एसीचं काम शिकून दामाजी आधी एका बर्फाच्या कारखान्यात लागले, मग गाड्यांकडे वळले. बोलणं कमी. बायको मालन मात्र नेमकी उलट. ती बाजारात मासे विकायची आणि तिचा आवाज रस्त्याच्या पलीकडे पोचायचा. घरातलं आणि भावकीतलं सगळं बोलणं तीच करायची. लग्नाकार्यात लोक दामाजींना काही विचारत, तर ते मालनकडे बघत.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. शुक्रवार होता, दुपारचे बारा वाजले होते. दामाजी एका गाडीवर काम करत होते. एसीची लाइन उघडून जोडली की तिच्यातली हवा आणि ओल पंपाने ओढून काढावी लागते, मगच गॅस भरता येतो. तो पंप चालू होता. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. बाजारात मालनच्या शेजारी बसणारी जनाबाई बोलत होती. मालन चक्कर येऊन पडली, तिला रिक्षात घालून इस्पितळात नेतोय, तू ये. दामाजी म्हणाले, "येतो." मी भिंतीपलीकडून ते ऐकलं.

मला वाटलं, आता पंप बंद होईल. तो झाला नाही.

पंप अर्धा तास चालला. मग गॅस भरल्याचा आवाज आला. मग बॉनेट बंद झालं. मग नळ सुटला, म्हणजे त्यांनी साबण लावून हात धुतले. मग स्कूटर सुरू झाली. मी घड्याळ बघितलं नव्हतं, पण माझा लेबलांचा एक अख्खा रोल तेवढ्यात छापून झाला होता आणि त्याला चाळीस मिनिटं लागतात.

ते पोचले तेव्हा मालन जाऊन पंधरा मिनिटं झाली होती. कुणीतरी विचारलं असेल, उशीर का झाला म्हणून. दामाजी म्हणाले, तीन हात नाक्याला अडकलो. ठाण्यात हे कारण कुणी तपासून बघत नाही.

मीही काही बोललो नाही. माणसाचं असं झाल्यावर कोण बोलणार.

चौदाव्या दिवशी त्यांनी गाळा उघडला. पहिल्यासारखंच काम करायला लागले. पहिल्यापेक्षा चांगलंच म्हणा, कारण मध्ये फोन घेणं बंद झालं होतं. मालनचा दिवसाला पाच वेळा फोन यायचा, तोही बंद. लोक मला म्हणायचे, दामाजींनी कसं सावरलंय बघा. मला ते सावरणं वाटत नव्हतं. गाडी तयार झाली की ते आत बसून काचा लावून एसी तपासत. पाच मिनिटांचं काम, पण ते अर्धा अर्धा तास तसेच बसून राहत. गिऱ्हाइकाने काचेवर टकटक केली की दार उघडून बाहेर येत. एकदा मी विचारलं, काय करता आत? ते म्हणाले, "काही नाही." आणि ते खरंच होतं. डोक्यात काही येत नाही, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मालनचा चेहरा आठवायला गेलं तर आठवतो, पण तो आधारकार्डावरचा फोटो बघितल्यासारखा. जेवणात मीठ कमी की जास्त तेही कळत नाही. रडू आलं नाही. कधी येईल अशी वाट बघितली, मग वाट बघणंही सुटलं.

त्यांची एकच मुलगी, समिधा. डोंबिवलीत एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, राहते जवळच्या दिवा गावात. नवरा प्रणित कुरिअर कंपनीत, आणि सहा वर्षांची मृणाल. समिधा दर रविवारी चेंदणीला येऊन बापाचं स्वयंपाकघर आवरायची, आठवड्याची भाजी निवडून ठेवायची. दोघंही मालनबद्दल बोलत नसत. समिधाला वाटायचं बाबांना त्रास होईल. बाबांना काहीच होत नव्हतं, आणि तेच तिला दिसू नये म्हणून ते गप्प राहायचे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक कॉन्टेसा आमच्या गल्लीत शिरली. लांबलचक, दुधी रंगाची, नव्वद सालची. अशी गाडी आता लग्नाच्या वरातीला नाहीतर जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातच दिसते. चारही काचा खाली होत्या आणि चालवत होत्या एक सत्तरी ओलांडलेल्या बाई. पांढरे आखूड केस, सुती साडी, घामाने डबडबलेल्या. डोंबिवलीहून शिळफाट्यावरून स्वतः चालवत आल्या होत्या. नाव प्रमोदिनी आगाशे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या.

त्यांचं म्हणणं थोडक्यात होतं. यजमान विद्याधर दीड वर्षापूर्वी गेले. गाडी त्यांची. घेतल्यावर वर्षभरात तिला एसी बसवून घेतला होता, तो दोनेक वर्षांत बिघडला आणि मग कधी दुरुस्त झालाच नाही. पार्ट मिळत नाहीत, असं यजमान सांगत. गाडी त्यांनी शेवटपर्यंत पुसून, झाकून, वेळच्या वेळी चालवून ठेवली, फक्त एसी तेवढा मेलेला राहिला. आता बाईंना तो चालू करून हवा होता. डोंबिवलीत दोघातिघांनी सांगितलं, एवढ्या जुन्या गाडीला हात लावत नाही. एकाने दामाजींचा पत्ता दिला.

दामाजींनी विचारलं, विकायची आहे का गाडी? एसी चालू असला की किंमत येते.

"विकायची नाही," बाई म्हणाल्या, "आणि कुणाला दाखवायचीही नाही. मला काचा लावून, थंडगार बसून ही गाडी चालवायची आहे."

दामाजींनी बॉनेट उघडून पाहिलं आणि गाडी ठेवून जायला सांगितलं. वेळ लागेल म्हणाले. बाई म्हणाल्या, लागू दे. मी शनिवारी येऊन बघत जाईन.

काम मोठं होतं. रबरी नळ्या बिस्किटासारख्या तुटत होत्या. पुढची जाळी, जिच्यात गॅस थंड होतो, तो कंडेन्सर, मातीने आणि किड्यांनी बुजून गेला होता. डॅशबोर्डखालची कूलिंग कॉइल बाहेर काढली तर तिच्या पेटीत उंदरांनी सीटचा फोम आणून घरटं केलेलं. शिवाय त्या काळचा गॅस आता मिळत नाही, त्यावर बंदी आहे. नवा गॅस घालायचा तर जुनं तेल चालत नाही, जुन्या रबरी रिंगा चालत नाहीत. लाइन आतून धुऊन काढावी लागते, ओल शोषणारा ड्रायर नवा घालावा लागतो. दामाजी एकेक भाग काढून पत्र्याच्या ट्रेमध्ये ओळीने मांडत गेले. एरवी असलं काम आलं की ते मला बोलावून दाखवायचे, हे बघा, अशी वस्तू आता बनत नाही. या वेळी बोलावलं नाही. नुसतं करत राहिले.

तिसऱ्या दिवशी कॉम्प्रेसर खाली उतरवताना त्यांच्या हाताला एक वायर लागली. कॉम्प्रेसरचा क्लच ज्या वायरवर चालतो ती. तुटलेली नव्हती. पक्कडीने सरळ कापलेली होती, दोन्ही टोकं नीट दुमडून त्यांच्यावर पांढरी कापडी पट्टी गुंडाळलेली, दवाखान्यात बँडेजवर लावतात तसली. पट्टीवर बॉलपेनने तारीख लिहिली होती. ११-४-९३.

मग त्यांनी कॉम्प्रेसर उघडला. सील सुकून गेलं होतं, ते तीस वर्षांत सुकणारच. पण आतलं तेल मधासारखं स्वच्छ होतं. क्लचची प्लेट झिजलेली नव्हती. डिकीत स्टेपनीच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत कॉम्प्रेसरचा पट्टा सापडला, पावडर लावून गुंडाळून ठेवलेला. त्या पिशवीवरही तीच पट्टी, तीच तारीख.

एसी बिघडला नव्हता. कुणीतरी तो बंद केला होता, आणि काळजीपूर्वक केला होता.

शनिवारी बाई आल्या. स्टुलावर बसल्या, पर्समधून पाण्याची बाटली काढून दोन घोट प्यायल्या आणि त्यांनी विचारलं, नक्की काय बिघडलं होतं हो त्यात?

दुसरा कुणी मेकॅनिक असता तर म्हणाला असता, जुनी गाडी आहे, सगळंच गेलंय. ते खोटंही झालं नसतं. आदल्या दिवशी मीच दामाजींना तसं सुचवलं होतं. गेलेल्या माणसाचं कशाला उकरायचं? पण दामाजींना तेव्हा कुणाचं मन सांभाळण्याइतकंही काही वाटत नव्हतं. विचारलं तर सांगितलं. "बिघडलं नव्हतं बाई. कुणीतरी वायर कापून ठेवलेली." आणि ट्रेमधून ती पट्टी उचलून त्यांनी बाईंच्या हातावर ठेवली.

बाईंनी चष्मा बदलला. पट्टी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, अक्षर त्यांचंच आहे. विद्याधर आगाशे डोंबिवली एमआयडीसीत मेंटेनन्सचे इंजिनिअर होते, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर तारीख घालायची त्यांना सवय होती. बल्ब कधी लावला, घड्याळात सेल कधी घातला, लोणच्याची बरणी कधी उघडली.

दामाजींनी पिशवीतला पट्टाही दाखवला. बाईंनी तो हातात घेतला नाही.

मग त्या सांगायला लागल्या. आवाज चढवला नाही, वर्गात उदाहरण सोडवून दाखवावं तसं सांगत होत्या. त्र्याण्णवच्या मे महिन्यात त्यांची आई आजारी होती. मुंबईतले उपचार संपले होते आणि आईला साताऱ्याला आपल्या घरी जायचं होतं. याच गाडीतून नेलं. मागच्या सीटवर आई आडवी, तिचं डोकं बाईंच्या मांडीवर. घाटात गाड्या तुंबलेल्या. आईला श्वास घेववत नव्हता, ती सारखी म्हणत होती, मला गार वारा द्या गं. बाई टॉवेल ओला करून तिच्या कपाळावर ठेवत होत्या, तो पाच मिनिटांत वाळत होता. त्यांनी यजमानांना म्हटलं, एकदा तो एसी लावून तर बघा. ते म्हणाले, कॉम्प्रेसर गेलाय, तुला सांगितलंय ना. आई दोन महिन्यांनी गेली. त्या प्रवासाने गेली असं नाही, ती जाणारच होती.

"पेट्रोल जास्त जातं म्हणून बंद केला असेल," बाई म्हणाल्या. "मी लावू नये म्हणून वायर कापली. आणि त्या दिवशी खोटं कबूल करावं लागलं असतं, म्हणून गप्प बसले. एवढंच असेल."

दामाजी उभेच होते. त्यांनी पट्टा पुन्हा पिशवीत गुंडाळला. बाईंनी विचारलं, तुमच्या घरी कोण असतं? ते म्हणाले, कुणी नाही, बायको नोव्हेंबरात गेली. बाईंनी वाईट झालं वगैरे म्हटलं नाही. रडलात का, एवढं विचारलं. दामाजींनी नकारार्थी मान हलवली. त्या म्हणाल्या, मीही नाही. लोकांना वाटतं मी फार धीराची. दीड वर्ष झालं, मला काही म्हणजे काही वाटलेलं नाही. गाडी घेऊन इथे आले तेव्हाही वाटत नव्हतं.

निघताना त्यांनी ती पट्टी पर्समध्ये टाकली आणि गाळ्याच्या दारात थांबून म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता मला त्यांचा राग तरी येईल."

हे वाक्य मीही भिंतीपलीकडून ऐकलं. पण माझ्या कानात ते तेवढ्यापुरतंच राहिलं. दामाजींच्या डोक्यात ते जाऊन बसलं. दोन दिवसांनी चहा पिताना ते एकदम मला म्हणाले, "त्या दिवशी पंप तुम्ही ऐकला असेल ना?"

मी हो म्हटलं.

मग पहिल्यांदा ते त्याबद्दल बोलले. मालनला आधीही दोनदा चक्कर आली होती, साखर कमी व्हायची. तेव्हा बाजारातल्या बायकांनी सरबत पाजलं होतं आणि ती पुन्हा पाटीवर बसली होती. या वेळीही तसंच असेल असं वाटलं. गिऱ्हाइकाला विमानतळावर जायचं होतं. पंप मध्ये थांबवला असता तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. हे सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, पण खरं सांगू का, यातलं काही मी तेव्हा मनात आणलं नव्हतं. ही कारणं मी नंतर जुळवली. तेव्हा मी नुसता पंपाजवळ उभा होतो.

मी म्हटलं, तुम्ही लवकर जाऊन तरी काय होणार होतं? ते म्हणाले, तो प्रश्नच नाही. समिधाला मी खोटं सांगितलंय. तिला राग यायला हवा, तो तिला मी येऊ दिलेला नाही.

कॉन्टेसाचं काम आणखी तीन आठवडे चाललं. कुर्ल्याहून नव्या नळ्या बनवून आल्या, त्यांना जुनीच पितळी टोकं दाबून बसवली. कॉइलला एका ठिकाणी बारीक भोक होतं, ते झाळून घेतलं. लाइनमध्ये नायट्रोजन भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावला आणि एक रात्र तसंच ठेवलं. सकाळी काटा जिथे होता तिथेच होता. कापलेली वायर त्यांनी काढून टाकली नाही, मध्ये नवा तुकडा जोडून डाख दिला. मेच्या पहिल्या रविवारी, गल्लीत सगळे गाळे बंद असताना, पंप लावून, नवा गॅस भरून त्यांनी गाडी तयार केली. मी हिशेबाचं काही बघायला आलो होतो, म्हणून होतो. पुढच्या झडपेतून वारा आला तो आधी धुळीच्या वासाचा, मग नुसता गार. थर्मामीटरचा काटा आठवर येऊन थांबला.

बाई अकराला आल्या. दामाजी म्हणाले, रस्त्यावर लोड येतो तेव्हा बघायला हवं, मी सोबत येतो. शिळफाट्यापर्यंत सोडा, मला दिव्याला मुलीकडे जायचंय.

बाईंनी चारही काचा स्वतः फिरवून वर केल्या. मुंब्रा बायपासवर डोंगर नुसता तापलेला होता, समोरच्या डांबरावर पाणी असल्यासारखं दिसत होतं. दामाजी थर्मामीटरकडे बघत होते. चढावर काटा दहावर गेला, उतारावर पुन्हा खाली आला. एका ठिकाणी बाईंनी बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि पदर खांद्यावरून गुंडाळून घेतला. थंडी वाजत असणार, पण त्यांनी ते कमी केलं नाही.

शिळफाट्याच्या जवळ त्या म्हणाल्या, "गेले तीन आठवडे मी त्यांच्याशी भांडतेय. सकाळी चहा घेताना सुरू करते. परवा भांडता भांडता रडले."

दामाजींनी विचारलं, बरं वाटतं का?

"बरं नाही वाटत," त्या म्हणाल्या. "पण वाटतं."

दिव्याच्या रस्त्याला त्यांनी दामाजींना उतरवलं. समिधाच्या इमारतीपर्यंत ते रिक्षाने गेले. चौथा मजला, लिफ्ट नाही. जिन्यात प्रत्येक दारासमोर निळी पिंपं. समिधा दार उघडून चकित झाली, कारण रविवारी दुपारनंतर तीच चेंदणीला जायची, ते कधी यायचे नाहीत. प्रणित मृणालला घेऊन खाली गेला होता. समिधाने पाणी दिलं. दामाजींनी पेला हातात धरला आणि न पिताच सांगितलं.

"तुझी आई गेली त्या दिवशी मी नाक्याला अडकलो नव्हतो. फोन आल्यावर चाळीस मिनिटं मी गाळ्यातच होतो. गाडीचं काम पुरं केलं, मग निघालो."

समिधा खाली बसली. तिने एवढंच विचारलं की, का. ते म्हणाले, माहीत नाही. मग तिने बोटांवर वेळ मोजला. बाराला फोन. वीस मिनिटांचा रस्ता. आई गेली पाऊणला.

"तू बारा वीसला पोचला असतास," ती म्हणाली. "आई शुद्धीवर होती बाबा. पहिली पंचवीस मिनिटं ती बोलत होती. तुला विचारत होती. जनाबाईने मला तेव्हाच सांगितलेलं. मी तुला सांगितलं नाही, तू ट्रॅफिकमध्ये अडकलेलास, तुला अजून लागेल म्हणून."

दामाजींनी ऐकलं. शब्द सगळे कळले. आता आत काहीतरी होईल असं त्यांना वाटलं, पण झालं काहीच नाही. पेला त्यांनी खाली ठेवला. समिधा म्हणाली, "तू आता जा. प्रणित यायच्या आत जा."

ते गेले.

त्यानंतरच्या रविवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. फोनही नाही. दामाजी भाजी स्वतः आणायला लागले, कधी निवडायचे, कधी तशीच वाळू द्यायचे. मी विचारलं, तुम्ही करा ना फोन. ते म्हणाले, तिचा राग आहे, तिला हवा तितके दिवस ठेवू दे. त्यांच्या बोलण्यात दुःख नव्हतं, सुटका नव्हती. गाळ्यातलं बसून राहणंही तसंच चालू होतं, काचा लावून, गाडीत.

सहाव्या आठवड्यात मंगळवारी सकाळी समिधाचा मेसेज आला. दिव्याला चार दिवस पाणी नाही, टँकरही येत नाही, मृणालला घेऊन तिकडे येते. दुपारी ती आली, आल्या आल्या ओट्याकडे बघून ओरडली. भांड्यांवरून ओरडली, फडक्यावरून ओरडली, फ्रीजमधल्या सडलेल्या कोबीवरून ओरडली. मालन गेल्यापासून त्या घरात कुणी आवाज चढवला नव्हता. शेजारच्या बाया डोकावून गेल्या.

दोन दिवसांसाठी आलेली समिधा नऊ दिवस राहिली. रोज संध्याकाळी, मृणाल खेळायला गेली की ती बापाला एक प्रश्न विचारायची. फोनवर जनाबाई नेमकं काय बोलली? तू तेव्हा उभा होतास की बसलेला? एकदाही मनात आलं नाही का निघावं म्हणून? दामाजी आठवेल तसं उत्तर द्यायचे. कधी ती उत्तर ऐकून आत निघून जायची आणि दार लावून घ्यायची. कधी त्यांच्यासमोरच रडायची. ते तिच्याकडे बघत बसायचे. त्यांना तिच्यासारखं रडता येत नव्हतं, पण ती रडताना उठून जावंसं वाटत नव्हतं, असं ते मला म्हणाले.

आठव्या दिवशी ती म्हणाली, चल, जनाबाईकडे जाऊ. तू तिच्या तोंडून ऐक.

जनाबाईचं घर कोळीवाड्यातच, देवळाच्या मागे. वय सत्तरच्या पुढे, गुडघ्यांनी हैराण, आता बाजारात एक दिवसाआड बसते. दामाजींना दारात बघून तिने पोरीकडे पाहिलं. समिधा म्हणाली, "आई त्या दिवशी काय काय बोलली ते ह्याला सांग. काही लपवू नको."

जनाबाईने दोघांना खाली बसायला लावलं. मग सांगितलं. रिक्षात मालनला घाम फुटला होता, पण ती बोलत होती. पापलेटवर ओलं गोणपाट टाका म्हणाली. इस्पितळात खाटेवर घेतल्यावर तिने विचारलं, तो निघाला का? जनाबाई म्हणाली, निघालाय. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, त्याला फोन कर. "बोलली, सांग त्याला, स्कूटर हलू चालव. घाईनं येशील नि कुठं आपटशील. मी बोलले, करते फोन. पन माझ्या फोनला रेंज नव्हती."

"मग?" दामाजींनी विचारलं.

"मग शिवी दिली तुला."

"काय शिवी दिली?"

जनाबाई समिधाकडे बघायला लागली. समिधाने होकारार्थी मान हलवली. जनाबाई म्हणाली, "बोलली, मुडदा मी मेल्यावरच येल."

दामाजी मला म्हणाले, शब्द जनाबाईचे होते पण आवाज मला मालनचा ऐकू आला. गेल्या सात महिन्यांत पहिल्यांदा. ती रागावली की 'मुडदा' म्हणताना 'मु'वर जोर द्यायची, तो जोरसुद्धा. त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला. हसू होतं की काय, ते त्यांना सांगता आलं नाही. जनाबाईला वाटलं ठसका लागला, तिने सुनेला हाक मारून पाणी मागवलं.

पाणी पिऊन ते तिथेच बसले. समिधाने विचारलं, निघायचं का? ते म्हणाले, जरा बस. मग त्यांनी जनाबाईला सांगितलं, पुन्हा एकदा सांग, रिक्षापासून.

जनाबाईने पुन्हा रिक्षापासून सांगायला सुरुवात केली.